मंगळवारची नऊची गाडी

सोलापूरला शाळेत नोकरी लागली आणि मी माझ्या गावाहून, केमहून, एक ट्रंक घेऊन आले. ज्यांच्या घरात खोली मिळाली, त्या गृहस्थांनी पहिल्याच सकाळी मला फैलावर घेतलं. माझा गुन्हा असा, की मी केराची बादली कोपऱ्यावर रिकामी करून तशीच परत आले होते.

"बाई, जाताना केर न्हेला, झ्याक केलं. येताना काय आनलं?"

"केर टाकून येताना काय आणायचं असतं?"

"कोपऱ्यावर भाजीवाली बसलीय की. मेथीची जुडी घ्यायची. अर्धी वाट फुकट चालला तुमी."

मी तेवीस वर्षांची होते, नुकती ट्रेनिंग करून बाहेर पडले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला दिसतोय. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की मीही कोपऱ्यावरून येताना काही ना काही घेऊन येते आणि काही मिळालं नाही तर चोरासारखी अंगणातून खोलीत पळते.

त्यांना मी मामा म्हणे, त्यांच्या बायकोला मामी. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. पुढे मोठं अंगण होतं आणि अंगणात ट्रक. त्या काळी ट्रकवाला म्हटलं की दोन-चार गाड्या, गल्ल्यावर बसलेला शेठ, हाताखाली ड्रायव्हर असं चित्र डोळ्यांपुढे येई. मामांची गाडी एकच. मालक तेच, ड्रायव्हर तेच, आणि क्लीनरही तेच. "आपल्या गाडीचं त्वांड आपुन धुवावं," असं ते म्हणत आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं काच पुसत. मोहोळकडची दोन एकर कोरडवाहू जमीन भावाला देऊन त्यांनी ही गाडी घेतली होती. त्यामुळे गाडी म्हणजे त्यांचं शेत होतं, आणि शेत पडीक टाकायचं नसतं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इतर ट्रकांच्या पाठीवर शेर, देवाची नावं, मुलांची नावं असत. मामांच्या गाडीची पाठ कोरी. मी एकदा मोठ्या हौसेनं म्हटलं, "मामा, मी लिहून देऊ का काहीतरी छानसं?" ते म्हणाले, "नगं बाई. मागचा वाचत बसला की धडकतोय."

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता, परतीचं भाडं. ट्रकच्या धंद्यात जाताना माल मिळतो, खरा प्रश्न येतानाचा. रिकामी गाडी रस्त्यावर पळवणं मामांना सहनच होत नसे. पुण्याहून माल नसेल तर ते इंदापूरला कांदा भरत. कांदा नसेल तर टेंभुर्णीला कुणाचे तरी वासे, कुणाची म्हैस, कुणाचं बदलीचं बिऱ्हाड. अगदीच काही नसेल तर एस.टी. चुकलेली माणसं मागे बसवून आणत. हा हिशेब त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण ते सगळ्या जगाला विचारत, "परतीला काय?" मामी माहेरी निघाल्या की परतीला काय? मी सुट्टीला केमला निघाले की परतीला काय? आमच्या केमचं कुंकू नावाजलेलं, म्हणून मी कुंकवाच्या पुड्या आणू लागले, गल्लीतल्या सगळ्या बायकांना पुरतील एवढ्या. मामी सांगत, की स्वतःच्या लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड मामांनी आपल्याच गाडीतून नेलं आणि येताना मांडववाल्याचे बांबू भरून आणले. "ल्येक रडतीया, म्या रडतीया, आन् ह्ये बांबू आवळत्यात," असं सांगताना मामींचा राग अजून ताजा असे. पण बांबू चांगले बांधले होते, हेही त्या सांगत.

मी आले ते वर्ष दुष्काळाचं होतं. सोलापूरला दुष्काळाची नवलाई नाही, पण हा लागोपाठचा होता. तालुक्यातून ज्वारी नाही, करडई नाही, कापूस नाही; मग ट्रकमध्ये भरायचं काय? मार्केट यार्डात हमाल झोपा काढत. गिरण्यांच्या पाळ्या कमी झाल्या. पुणे नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असे आणि लिंबाखाली ड्रायव्हरांचे पत्ते चालू असत. कुणी दुष्काळी कामावर खडी ओढायला गेले, कुणी चारा ओढायला. आणि ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी गाडी विटांवर चढवली. म्हणजे चाकं काढायची, त्यांच्या आसांखाली विटांचे खांब रचायचे, गाडी वापरात नाही असं सरकारला लिहून द्यायचं आणि वर ताडपत्री ओढायची. त्यात कर वाचतो, टायर वाचतात. विटांवर चढलेली गाडी पुन्हा खाली उतरलेली मात्र मामांनी पाहिली नव्हती. "मानूस गेल्यावर खाली उतरवत्यात तसं," ते म्हणत. "गाडीचं उलटं. ती गेली की वर चढवत्यात."

मामींच्या भावानं आपल्या दोन्ही गाड्या विटांवर चढवल्या होत्या. हे मेव्हणे माणूस वाईट नव्हते. जाडजूड, शांत, जिथं बसतील तिथं रुतून बसणारे. गाड्यांचं बस्तान उठल्यावर त्यांनी पिठाची गिरणी टाकली आणि ती बरी चालली होती. मामांनी गाडीचा नाद सोडून गिरणीत भागीदार व्हावं, असं त्यांचं म्हणणं. मामींचंही मन तिकडेच होतं, कारण गिरणीवाला माणूस रोज घरी जेवतो. एका सकाळी मेव्हण्यांनी बैलगाडीतून विटा आणल्या आणि अंगणात फाटकाशी रचून ठेवल्या.

"ह्या कशाला?" मामांनी विचारलं.

"आज ना उद्या लागत्याल. ऐन टायमाला कुटं हुडकायच्या?"

मामांनी त्या विटांकडे पाठ केली आणि काच पुसायला लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला मामींनी सांगितलं.

याच सुमाराला माझ्याकडून एक गोष्ट झाली. मुद्दाम केलेली नव्हे, तरी तिचं श्रेय मी आजवर घेत आले आहे. मामा माझ्या खोलीतला दिवा दुरुस्त करायला आले होते. भिंतीवर मी शाळेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. मामांचं शिक्षण दुसरीपर्यंत. आकडे चांगले यायचे, अक्षरं लावून लावून वाचायचे.

"ह्ये काय टांगलंय?"

"वेळापत्रक. कोणत्या वारी किती वाजता कोणता तास, ते."

"आन् पोरं आलीच न्हाईत तर?"

"तरी घंटा होते."

"बाई वर्गात जात्यात?"

"जातात."

"मोकळ्या वर्गात?"

"हो. आज कुणी आलं नाही म्हणून मी घरी बसले, तर उद्या येणारी पोरंसुद्धा यायची नाहीत. शाळा भरते हे त्यांना ठाऊक असतं म्हणून तर ती येतात."

मामा स्टुलावरून खाली उतरले. दिवा लावायचा राहिला तो राहिलाच. ते बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, त्यांना बरं नसावं. मग ते उठले आणि शेजारी अण्णांकडे गेले.

अण्णा म्हणजे चार मागांचे मालक. आमच्या गल्लीत मागांचा खटखटाट पहाटेपासून सुरू होई, त्यातले चार अण्णांचे. घरात तेलुगू बोलत, बाहेर मराठी बोलत, आणि दोन्ही भाषांत न थांबता बोलत. त्यांचं दुखणं मामांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मंदीमुळे पुण्याचे दुकानदार आता माल साठवून ठेवत नव्हते. पूर्वी गाठीच्या गाठी मागवणारा आता वीस चादरी मागवायचा, आणि त्या लगेच हव्या असायच्या. पण एवढ्याशा मालासाठी ट्रक कोण पाठवणार? एजंट गठ्ठा ठेवून घेई, गाडी भरेपर्यंत "उद्या निघतीय" म्हणत राही आणि आठ दिवस गठ्ठा तिथेच पडे. तोवर दुकानदार दुसरीकडून माल उचलून मोकळा.

मामांनी अण्णांना सांगितलं, की दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझी गाडी पुण्याला निघणार. भरो न भरो. एक गठ्ठा असला तरी घेणार आणि बुधवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर टाकणार.

"भरली न्हाई तर?" अण्णांनी विचारलं.

"तरी घंटा व्हणार," मामा म्हणाले.

मंगळवार का, तर सोमवारी मामांचा सिद्धेश्वराचा उपवास आणि उपाशीपोटी ते गिअर टाकत नसत.

नाक्यावर सगळे हसले. ट्रक भरल्यावर निघतो, वेळ झाल्यावर एस.टी. निघते, एवढं लहान पोरालाही कळतं. मेव्हणे हसले नाहीत. ते विटांवर बसूनच बोलले, "दाजी, आसं करा. ज्या मंगळवारी तुमची गाडी मोकळी जाईल, त्या मंगळवारी ती विटांवर. कबूल?" मामी दारात उभ्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कबूल." घंटेचं मी सांगितलं होतं. गाडी विटांवर गेली असती तर त्यात माझाही हात होता.

पहिल्या मंगळवारी अण्णांचे दोन गठ्ठे, आणखी कुणाचे तीन. मामांनी बाकीची जागा चुन्याची पोती, कुणाचा पलंग, एका मास्तरांची पुस्तकांची पेटी यांनी भरली आणि नवाच्या ठोक्याला फाटकाबाहेर पडले. महिनाभरात गल्लीतले सतरा-अठरा मागवाले गठ्ठे आणू लागले. आता प्रश्न आला, कुणाचा गठ्ठा कुठला हे ओळखायचं कसं? विणकर गठ्ठ्यावर तेलुगूत लिहीत आणि मामांना ते येत नसे. तेव्हा त्यांनी प्रत्येकाला एक चित्र दिलं. डांबरात काडी बुडवून ते गठ्ठ्यावर काढत. कुणाला घागर, कुणाला विंचू, कुणाला छत्री. यात वाईट एवढंच, की चित्र माणूस पाहून दिलेलं असे, आणि आपल्याविषयी मामांचं मत काय ते सगळ्या गल्लीला दिसे. विंचूवाल्यानं आठ दिवस अबोला धरला. अण्णांना कावळा मिळाला होता.

"कावळा काय म्हणून? मोर काढा की!"

"मोराला लई येळ जातोय. माझी गाडी नऊला हाय."

अण्णा ऐकेनात. रोज येऊन मोराची बाजू मांडत. शेवटी मामांनी कावळ्याला एक लांब शेपूट जोडून दिलं, आणि अण्णा तेवढ्यावर खूश झाले. पुण्यातले दुकानदार त्या पक्ष्याला काय म्हणत, कोण जाणे.

एकदा मात्र परतीच्या भाड्यानंच मामांचा घात केला. इंदापूरच्या पुढे कालव्याकडेला सांगोल्याकडचं एक धनगर कुटुंब शेरडं-मेंढरं घेऊन राहिलेलं होतं. मुलीचं लग्न ठरलं, घरी परतायचं होतं. मामांनी नवरी, नवरीची आजी, शेरडं, करडं, सगळं गाडीत घातलं आणि मोहोळच्या फाट्यावर उतरवलं. फार आनंदात होते ते. भाडं मिळालं, वर आजीनं घोंगडी दिली. पुढच्या मंगळवारी त्याच गाडीतून चादरी गेल्या. दहा दिवसांनी अण्णा एक पत्र नाचवत आले. मराठीत होतं म्हणून मला वाचायला दिलं. दुकानदारानं लिहिलं होतं, की आपल्या चादरी उत्तम आहेत, रंग पक्का आहे, परंतु पांघरल्यावर बोकड शेजारी निजल्याचा भास होतो, तरी पुढील माल पाठवू नये.

मामांचा चेहरा पडला. गाडी धुवावी तर नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास. प्यायला पाणी नाही तिथे ट्रक धुतला असता तर गल्लीनं मामांनाच धुतलं असतं. त्यांनी फळ्यांना चुना फासला. वास चुन्यातून वर आला. लिंबाचा पाला पसरला, तर पाल्यालाच शेरडांचा वास लागला.

घरात मामांची लेक बाळंतपणाला आलेली होती. रोज तिला आणि बाळाला शेक-धुरी चाले. मामा त्या संध्याकाळी ओसरीवर सुतकी तोंड करून बसले होते, आतून ओव्याचा, बाळंतशोपांचा धूर येत होता. ते एकदम उठले.

"अगं, ती शेगडी हिकडं आन."

"बाळाची धुरी व्हायचीय अजून!"

"बाळाची झाल्यावर आन. पर आन."

मामींनी कपाळावर हात मारला, पण शेगडी आणली. वर आपल्या हातानं ओवा टाकला, शोपा टाकल्या, लसणीची सालं टाकली. मामांनी ताडपत्री चहूबाजूंनी आवळली आणि गाडीला धुरी दिली. ताडपत्रीच्या फटींतून धूर यायला लागल्यावर गल्लीत एकच आरडाओरडा झाला. लोक वाळूची घमेली घेऊन धावले. मामा फाटकात आडवे उभे राहून सांगत होते, "काय जळंना! बाळंतीन हाय! धुरी चाललीया!" लोकांनी गाडीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि घमेली खाली ठेवली. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मी आत चढून वास घेतला. शेरडं गेली होती. अख्ख्या ट्रकला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येत होता.

अण्णांनी दुकानदाराला हातापाया पडून पुन्हा माल पाठवला. या खेपेला पत्र आलं, की मागील तक्रार दूर झाली आहे, आताचा सुवास गिऱ्हाइकांस आवडला असून बाळंतविड्यासाठी तसल्याच आणखी बारा चादरी पाठवाव्यात. मामांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा गाडीला धुरी ठरलेली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. आता सगळं सुरळीत होईल असं वाटतंय तोवर डिझेल कडाडलं, आणि त्यामागोमाग सूत मिळेनासं झालं. मागवाल्यांच्या घरात सूत संपत आलं. गठ्ठे पाचावर आले, मग तीनवर आले. एका सोमवारी दुपारी मी शाळेतून घरी आले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फाटकाशी आल्यावर कळलं, माग बंद होते. गल्लीत खटखट नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला आमच्या अंगणातल्या चिमण्या ऐकू आल्या, आणि त्या ऐकू येऊ नयेत असं वाटलं.

मंगळवारी सकाळी मी साताला उठून अंगणात आले. मामा काच पुसत होते. आठ वाजले तरी एकही गठ्ठा नाही. साडेआठला मेव्हणे आले आणि फाटकाजवळच्या विटांवर जाऊन बसले. माणूस जिंकायला आलेला वाटत नव्हता. आजारी माणसाच्या घरी येऊन बसतात तसे बसले होते. पाठोपाठ अण्णा आले, रिकाम्या हातांनी.

"एक चादर पण न्हाई," एवढंच म्हणाले. "घरातली वापरातली आणू का?"

"नगं," मामा म्हणाले. "खोटा माल नगं."

मामींनी चहा केला. कपबश्या तशाच राहिल्या. मामींच्या मनासारखं होत होतं, पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, एक मंगळवार चुकला तर काय होईल? लोक समजून घेतील."

"बाई, तुमीच बोलला व्हता, घंटा व्हती म्हनून."

"मग जा तशीच घेऊन."

"मोकळी?" ते म्हणाले. नऊला निघावं तर गाडी मोकळी, म्हणजे शब्दाप्रमाणे विटांवर. न निघावं तर मंगळवारची गाडी मेली. मला दोन्हीतून वाट दिसत नव्हती आणि माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

नवाला दहा कमी असताना मामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकून ते सावकाश मेव्हण्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"पाव्हनं, उटा."

"का?"

"तुमी मालावर बसलाय."

मेव्हण्यांना कळायला वेळ लागला. अण्णांना आधी कळलं. ते तोंडानं "अय्यय्यो" करत धावले आणि दोन विटा उचलून गाडीकडे पळाले. मी पदर खोचला. मामी चहा टाकून आल्या. आम्ही ओळ केली आणि विटा हातोहात चढायला लागल्या.

"आवं, ह्या माझ्या विटा हायत!" मेव्हणे म्हणाले.

"मंग भाडं तुमी द्याल."

"आन् न्हेनार कुटं?"

"मोडनिंबला च्याच्या हाटेलवाल्याला कट्टा बांधायचाय. सा म्हैन्यांपासनं विटा विटा करतोय."

मेव्हण्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ओळीत येऊन उभे राहिले. त्यांच्या हाताला चार विटा एकदम येत, म्हणून तर वेळेत झालं. शेवटी अण्णा ओरडले, "चित्र! चित्र राहिलं!" मामांनी डांबरात काडी बुडवली, मेव्हण्यांकडे एकवार नीट पाहिलं आणि वरच्या विटेवर बसलेला बैल काढला. मेव्हणेसुद्धा हसले. नवाच्या ठोक्याला गाडी फाटकाबाहेर पडली, आणि फाटकाशी जिथे विटा होत्या तिथे नुसता तांबडा चौकोन राहिला.

मंगळवारची गाडी पुण्याची, म्हणून मोडनिंबला विटा उतरवून मामा पुढे पुण्याला गेले, आणि गुरुवारी दुपारी परत आले ते सूत घेऊन. पुण्याला एका व्यापाऱ्याकडे सोलापूरला पाठवायच्या सुताच्या गाठी चार दिवस पडून होत्या. सूत होतं, गाडी भरत नव्हती म्हणून निघत नव्हती. मामा तिथं सहज विचारायला गेले, परतीला काय? संध्याकाळी अण्णांचा पहिला माग चालू झाला, मग दुसरा. मी खोलीत वह्या तपासत बसले होते. वह्या बाजूला ठेवल्या आणि ऐकत राहिले. इतकं बरं मला सोलापुरात कधी वाटलं नव्हतं.

मेव्हण्यांनी पुन्हा विटा आणल्या नाहीत. वर्षभरानं त्यांनी आपली एक गाडी खाली उतरवली. विटांवरून उतरलेली ती पहिली गाडी मामांनी पाहिली, तेव्हा त्यांनी तिला नारळ फोडला. तिला शुक्रवार मिळाला, हैदराबादचा.

माझी पुण्याकडे बदली झाली तेव्हा मंगळवार गाठूनच मी निघाले. पुण्यापर्यंत मामांच्या शेजारी केबिनमध्ये बसून गेले, मागे चादरींचे गठ्ठे आणि माझी ट्रंक. ट्रंकेवर मामांनी डांबरानं घंटा काढली होती. मोडनिंबला गाडी थांबली. हॉटेलापुढे चांगला लांबरुंद कट्टा होता, लिंबाच्या सावलीत. चार-पाच माणसं त्यावर बसून चहा पीत होती, एक म्हातारा आडवा झाला होता. कडेच्या एका विटेवर बसलेला बैल अजून दिसत होता.

हॉटेलवाल्यानं चहा आणला. मी कट्ट्यावर बसले. मामा कप हातात घेऊन उभेच.

"बसा की मामा."

"नगं. तुमी बसा."

"अहो, पाच-सहा तासांची वाट आहे अजून."

त्यांनी त्या कट्ट्याकडे पाहिलं, त्यावर निवांत टेकलेल्या माणसांकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

"समद्यांनी बसावं ह्याच्यावर," ते म्हणाले. "माझी गाडी सोडून."

आणि गाडीला टेकून, उभ्यानंच त्यांनी चहा संपवला. मग कप ठेवून माझ्याकडे वळले.

"बाई, तितनं सोलापूरला कवा येनार?"

"दिवाळीला येईन."

"या. परतीला काय आनताय?"